वरणातली पूड आणि तुमची खडीसाखर

वसंतकाका,

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी चहा इतका बिघडला, की एखादा नवा माणूस आला असता तर यापेक्षा दारू परवडली म्हणत परत गेला असता. साखर कोणी टाकायची हे ठरलंच नव्हतं. इतकी वर्षं ती तुम्हीच टाकत होतात, म्हणून आम्ही चौघांनी आपापल्या परीने टाकली. नुसता पाक झाला. सगळ्यांनी तो निमूटपणे प्यायला. मग शंकर तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "आज म्हाताऱ्यानं आपली सालटी काढली असती," आणि आम्ही तेरा-चौदा मोठे बाप्ये पाचवी 'ब'च्या बाकांवर बसून हसत सुटलो. नंतर दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, पण तुम्हाला खरा निरोप त्या हसण्यातच मिळाला असं मला वाटलं.

आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. मंगलचा, म्हणजे माझ्या बायकोचाच, माझ्यावर विश्वास बसला आहे की नाही, आणि नसेल तर मी काय करावं, यावरून आपण जवळजवळ तीन वर्षं भांडलो. तुमच्या दहाव्याच्या दिवशी दुपारी, माझ्या घरात, जेवणाच्या ताटावर त्याचा निकाल लागला. आणि तो ज्याला सांगायचा तो माणूसच जागेवर नाही. मनात साठवू नये, बोलून टाकावं, ही आपल्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची शिस्त मला तुम्हीच लावलीत. तेव्हा ऐका.

मी पहिला फोन केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं? अंबडच्या कंपनीत मी तपासणी विभागात. दिवसभर मायक्रोमीटर हातात घेऊन केसापेक्षा बारीक चूक पकडायची, हे माझं पोटापाण्याचं काम. त्या महिन्यात हात इतके थरथरायला लागले होते की मी चांगला माल नापास केला आणि वाईट पास केला. साहेबांनी घरी बसवायच्या आधी मला प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टरकडे पाठवलं. त्या बाईने माझा हात धरला, नाडी बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कापसाच्या पाकिटावर एक नंबर लिहून दिला. "हे लोक फी घेत नाहीत आणि भाषणही देत नाहीत," एवढंच म्हणाली. चार दिवस तो नंबर खिशात होता. पाचव्या दिवशी दोन पेग पोटात गेल्यावर हिंमत आली.

"आत्ता घेतली आहेस का?" तुम्ही विचारलंत.

"थोडी."

"मग उद्या कर. आज सांगितलेलं उद्या तुझ्या लक्षात राहायचं नाही." आणि फोन ठेवलात.

असा संताप आला! मरणाच्या दारात उभा असलेला माणूस फोन करतो आणि हे महाशय त्याला उद्या यायला सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या तोंडाने परत फोन केला तो निव्वळ तुम्हाला चार शब्द सुनवायला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पत्ता सांगितलात. गुरुवार, संध्याकाळी सात, पंचवटीतली शाळा, मागचं फाटक.

त्याआधी सोडण्याचे सगळे प्रकार करून झाले होते. गडावर जाऊन देवीच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली होती आणि खाली वणीत उतरेपर्यंत मोडलीही होती. बायको रडली, आई रडली, मीही रडलो, आणि रडून घसा सुकला म्हणून प्यालो. आपल्या नाशकात तर आता द्राक्षांपेक्षा वाइनच्याच पाट्या जास्त, त्यामुळे कारण शोधायला लांब जावं लागत नाही. अशा माणसाने तुमच्या फाटकापर्यंत यावं आणि आत न शिरता परत जावं, यात नवल नव्हतं. दोन गुरुवार मी तसंच केलं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहायचो, कोण आत जातंय ते बघायचो आणि घरी जायचो.

तिसऱ्या गुरुवारी तुम्ही दुधाच्या पिशव्या घेऊन आलात. पांढरा सदरा, काखेत छत्री, दोन्ही हात भरलेले. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिलात.

"धर जरा हे. फाटक उघडायचंय."

मी पिशव्या धरल्या. तुम्ही फाटक उघडलंत आणि मागे न बघता चालू लागलात. आता तुमचं दूध माझ्या हातात. ते घेऊन पळून जाणं काही बरं दिसलं नसतं. असा मी आत आलो. पुढे तुम्ही कबूल केलंत की फाटक उघडंच होतं.

त्या दिवशी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी छाती काढून म्हणालो होतो, "मला दारूचा काही त्रास नाही. त्रास बायकोला आहे." सगळे हसले. मला वाटलं माझी टिंगल चालली आहे. तुम्ही शेजारून हळूच म्हणालात, "अरे, इथल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हेच सांगितलंय." मग सदऱ्याच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवलात. संध्याकाळी साडेपाचला कंपनीची बस अंबडच्या चौकात सोडते, तिथून घरापर्यंत तीन दुकानं लागतात, ती ओलांडेपर्यंत तोंडात हा खडा ठेवायचा आणि चावायचा नाही, हा तुमचा पहिला उपदेश. दारू सुटली की शरीर गोड मागतं, त्याला देत राहायचं. तेव्हापासून माझे खिसे खडीसाखरेने भरलेले. मंगल कपडे धुताना करवादायची, खिशाला मुंग्या लागतात म्हणून.

तुम्ही कोण, काय करता, हे मला पाच महिने माहीत नव्हतं. आपल्याकडे फक्त पहिलं नाव. तुम्ही वसंत, मी रामनाथ. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं वसंत म्हणायला जीभ वळेना म्हणून मी काका लावलं. मग माझी आजी वारली. तिच्या दहाव्याला सगळा गोतावळा घेऊन आम्ही गंगेवर, रामकुंडापाशी गेलो, आणि आमच्या घराण्याचे म्हणून जे गुरुजी समोर येऊन बसले ते तुम्ही. मला तर घाम फुटला. चुलते, मेव्हणे, सगळे शेजारी बसलेले. तुमच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"नाव?"

"रामनाथ."

"पूर्ण नाव सांगा. गोत्र?"

"गोत्र... माहीत नाही."

"मग काश्यप. माहीत नसेल त्याचं काश्यप." आणि तुम्ही ती लांबलचक जुनी वही उघडलीत. माझ्या आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, कोण कधी गंगेवर आला, सगळं तुमच्याकडे लिहिलेलं. त्याखाली तुम्ही माझं नाव आडनावासकट लिहून घेतलंत. मला 'तुम्ही' म्हणालात आणि दक्षिणा घेऊन उठलात.

पुढच्या गुरुवारी तुम्ही जसं काही झालंच नाही अशा थाटात म्हणालात, "रामनाथ, आज आलं जास्त पडलंय बघ." मी तुम्हाला बाजूला घेतलं. म्हटलं, काका, तुमच्याकडे माझ्या सात पिढ्या लिहिलेल्या आहेत, आणि तुम्ही मला ओळखही दाखवत नाही? तुम्ही म्हणालात, "ती वही तिकडे. तिकडे तू कोणाचा मुलगा, कोणाचा नातू. इथे तू फक्त रामनाथ. दोन तास कोणाचा कोणी नाहीस, जरा मोकळा बस." गावभरची आडनावं सांभाळणाऱ्या माणसाने शेवटपर्यंत त्या खोलीत माझं आडनाव एकदाही उच्चारलं नाही. ज्या गावात अर्ध्या ओळखी आडनावावरून निघतात तिथे हे किती कठीण आहे, हे मला आता कळतंय.

त्याच सुमाराला मला पूड सापडली.

म्हणजे सापडली नाही, दिसली. मी मोजे शोधत स्वयंपाकघराच्या दाराशी आलो होतो. मंगलने पापडांच्या डब्यातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली, माझ्या वरणाच्या वाटीत अर्धी सोडली, बोटाने ढवळलं आणि बोट पदराला पुसलं. मी तसाच मागे सरलो. ताटावर बसलो. वरण कडू लागलं. येवल्याच्या बाजूला, तिच्या माहेरी, कोणीतरी दारू सोडवायची पूड देतो हे मी ऐकून होतो. तिचा भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने येऊन काहीतरी हळूच देऊन जायचा, त्याचा उलगडा झाला.

मी पाच महिने थेंबाला शिवलो नव्हतो. पाच महिने! आणि ही बाई अजून मला औषध घालत होती.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी अक्षरशः ओरडत होतो. तुम्ही म्हणालात, "आधी ती पुडी डॉक्टरला दाखव. मग आपण भांडू." कंपनीच्या डॉक्टरांनी वास घेतला, जिभेवर टेकवली आणि म्हणाले, काडेचिराईत, सुंठ असलं काहीतरी आहे, याने दारूही सुटणार नाही आणि माणूसही दगावणार नाही. मग गुरुवारी मीटिंग सुटल्यावर आपण गंगेवरच्या पायऱ्यांवर बसलो आणि ठरल्याप्रमाणे भांडलो.

मी म्हणत होतो, घरी जाऊन तिला सांगतो की मला कळलंय, आता बंद कर. तुम्ही म्हणालात, "सांगू नकोस. खा."

"का खाऊ? पीत असतो तर गोष्ट वेगळी."

"तू किती वर्षं प्यालास?"

"सोळा."

"आणि सोडून?"

"पाच महिने."

"मग खा."

मग तुम्ही मला तुमच्या आईची गोष्ट सांगितलीत. तुमच्या घरी ती पूड वरणातून येत नसे, पंचामृतातून यायची. भटजीचा मुलगा वरण बाजूला सारेल, पण तीर्थ नाकारू शकत नाही, हे तुमच्या आईने बरोबर ओळखलं होतं. रोज पूजा झाली की पळी पुढे यायची. तुमची दारू सुटली ती काही त्या पुडीने नव्हे, आपल्या गटात येऊन सुटली. पण पळी थांबली नाही. "ती गेली तेव्हा मला सोडून नऊ वर्षं झाली होती," तुम्ही म्हणालात. "त्या सकाळपर्यंत मी ते कडू तीर्थ घेत होतो. तिला सांगितलं असतं, तर बिचारीने झोपताना कशाच्या आधारावर झोपायचं?"

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मी म्हटलं, आपण इथे बसून खरं बोलायच्या गोष्टी करतो आणि घरी जाऊन रोज ताटावर नाटक करायचं? तुम्ही म्हणालात, सोळा वर्षं तू नाटक केलंस आणि ती बघत बसली, आता थोडे दिवस ती करू दे. तिचं भय तिच्या वेळेने जाईल, तुझ्या घाईने जाणार नाही. मी म्हटलं, पण गेलं हे मला कळणार कसं? तुम्ही म्हणालात, "नाही कळलं तर बिघडलं कुठे?"

तेव्हापासून हा आपला रामराम होऊन बसला. गुरुवारी मी दारातून आत आलो की तुम्ही चहा ढवळता ढवळता विचारायचात, "काय, वरण कसं आहे?" मी म्हणायचो, "कडू." तुम्ही म्हणायचात, "छान." नव्या लोकांना वाटायचं हा काहीतरी सांकेतिक शब्द आहे.

खरं सांगतो, त्या वरणाने मला तगवलंही. काही संध्याकाळी अशा यायच्या की खडीसाखरही पुरायची नाही. कंपनीत कोणाच्या बढतीची पार्टी, सगळे निघालेले, मलाही आग्रह. तेव्हा मनात यायचं की आज प्यालो तर मंगलची पूड खरी ठरेल. तिला खोटं पाडायच्या हट्टाने मी किती संध्याकाळी सरळ घरी आलोय! हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कारण कसलंही चालेल, पाय घराकडे वळले म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. दुसऱ्या वर्षी आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, तुम्ही तुमच्या आईला नऊ वर्षं फसवलंत आणि तेच मला शिकवताय. तुम्ही उठलात. चहाची भांडी गोळा केलीत आणि छत्री उचलून निघून गेलात. पुढचे तीन गुरुवार वरणाची चौकशी झाली नाही. खडीसाखर तेवढी येत होती, न बोलता, माझ्या हातावर. चौथ्या गुरुवारी तुम्ही परत विचारलंत, "काय, वरण कसं आहे?" आणि मी "कडू" म्हणालो, आणि गाडी रुळावर आली. माफी मागायचं राहिलंच. मला वाटलं, मागू कधीतरी, घाई काय आहे. काका, तो शब्द मी परत घेतो. तुमच्या आईला तुम्ही फसवलं नाहीत. मुलाचा हात धरून चालणाऱ्या बाईला, आता सोड, असं तुम्ही म्हणाला नाहीत, एवढंच.

तुमच्या दहाव्याला आम्ही अकराजण आलो होतो. पायऱ्यांवर एका बाजूला घोळका करून उभे होतो. तुमच्या मुलाने येऊन विचारलं, आपण कुठले? आता काय सांगणार? शंकर म्हणाला, ओळखीचे. एकजण म्हणाला, चहाला भेटायचो. तेवढ्यात काकू उठून आल्या. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, हे गुरुवारवाले आहेत. यांना आधी पाणी दे." नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यातले रामनाथ कोण?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "गुरुवारी घरी आले की हसत असायचे. विचारलं तर म्हणायचे, रामनाथचं वरण अजून कडूच आहे." मला पुढे काही ऐकू आलं नाही. तुम्ही घरी माझं वरण सांगायचात, काका! खोलीतलं खोलीतच ठेवायचं, या नियमाने बघितलं तर हे चुकलंच तुमचं. पण माझी काही तक्रार नाही.

तिथून घरी आलो तेव्हा दोन वाजले होते. आंघोळ केली. मंगलने ताट वाढलं. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी जपून बोलत होती, जरा जास्तच. मला वाटत होतं हिला भीती वाटतेय, आता हा माणूस घसरणार. पहिला घास घेतला. कडू. आणि का कोण जाणे, मला आता ते ओझं पेलवेना. तुम्ही होतात तेव्हा त्या कडू वरणात आपण दोघं होतो. आता मी एकटाच ते किती दिवस गिळणार?

"मंगल," मी म्हटलं, "बंद कर आता ती पूड."

"कंची पूड?"

"तुझा भाऊ आणतो ती. पापडाच्या डब्यात असते. मला तीन वर्षं माहीत आहे."

तिने पळी खाली ठेवली. "तुम्हाला ठाव व्हतं?"

"हो."

"आन तरी खात व्हता?"

"खात होतो. वसंतकाका म्हणाले खा."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "अहो, ती तर मी कवाच मोरीत वतली."

"मग हे कडू काय आहे?"

"मेथी!" ती उठली आणि फडताळातून काचेची बरणी आणून माझ्यासमोर आदळली. भाजून कुटलेली मेथी, वर चमचासुद्धा. "डॉक्टरनी शुगर काठावर हाय म्हनून सांगितलं का नाय? खिशात हात घालावा तर खडीसाखर. मेथीचं नाव काढलं का तुमचं नाक वर. मंग काय करू? चोरूनच घालावी लागती. लय उपकार केले त्या गुरुजींनी, पन शुगर त्यांनीच वाढवली तुमची."

काका, आपण दोघं इतकी वर्षं मेथीवरून भांडत होतो.

दिवसभर केसाएवढी चूक पकडणारा मी माणूस, आणि रोज ताटात वाढलेली वाटी मी एकदाही तपासली नाही. पूड संपून मेथी सुरू झाली त्याच्या मधे थोडे दिवस तरी वरण चांगलं लागलं असणार. मला आठवतच नाही. कडू लागायलाच हवं असं मी धरून चाललो होतो.

"कधी ओतलीस?" मी विचारलं.

तिला दिवस आठवत होता. मला सोडून आठ महिने झाले होते तेव्हा. दुपारी ती दळण घेऊन गिरणीत गेली. गिरणीत गर्दी होती, शेजारणी भेटल्या, बोलत बसली. परत यायला निघाली आणि लक्षात आलं की मी यायची वेळ कधीच टळून गेलेली. "सोळा वर्सं मी तुमची यायची येळ इसरले नव्हते," ती म्हणाली. "साडेपाच वाजले का हातातलं काम सुटायचं. दाराकडंच डोळे. त्या दिवशी मला यादच नाय. घरी आले तर तुम्ही पायरीवर बसलेले, तोंड फुगवून, चावी नाय म्हनून. मी काय बोलले नाय. आत गेले आन त्या समद्या पुड्या मोरीत वतल्या."

मला तो दिवस चांगला आठवतो. तासभर पायरीवर बसलो होतो आणि मनात तिला बोल लावत होतो. त्या गुरुवारी मी मीटिंगमध्ये उभा राहून तक्रारच केली होती, की मी वेळेवर घरी येतो आणि घरी कोणाला त्याची किंमत नाही, दाराला कुलूप. सगळ्यांनी मान हलवली. तुम्ही मात्र जोरात हसलात. "कुलूप होतं? वा वा!" म्हणालात आणि खिशातून कोणा यजमानाने दिलेला अख्खा पेढा काढून मला दिलात. मी आठ दिवस तुमच्यावर चिडून होतो. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का हो? कळलं होतं, तर मग पुढची अडीच वर्षं वरणाची चौकशी कशाला करत होतात? हे आता कोणाला विचारू?

मंगल हसायला लागली. मीही हसलो. हसता हसता मी ताटावरच ढसाढसा रडलो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने मला गप्प केलं नाही. वाटी पुढे सरकवून म्हणाली, "खा, गार होतंय." मी दोन वाट्या वरण खाल्लं. बरं असतं हो ते, मेथी आहे म्हणून खाल्लं की.

हात धुतले. घरात बसवेना. वाटलं गंगेवर जावं, त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसून यावं. चपला घालताना मी म्हटलं, "जरा बाहेर जाऊन येतो." आणि बोलल्यावर माझं मलाच चर्र झालं. सोळा वर्षं मी नेमक्या याच शब्दांनी घराबाहेर पडायचो, आणि ती दारात आडवी उभी राहायची. त्यातून आजचा दिवस असा, डोळे लाल, ज्याच्या आधाराने सोडली तो माणूस नुकताच गेलेला. तिने थांबवलं असतं तरी मी काही बोललो नसतो.

ती भांडी घासत होती. तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"येताना कोथिंबीर आना," ती म्हणाली.

मी दोन जुड्या आणल्या.